खुंटीवरची थैली

"काकाजी, थैली काढून द्या ना जी. काचवाला माप घ्याले थांबला तिकडे."

अश्वजित फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसूनच बोलत होता. गाडीसुद्धा बंद केली नव्हती त्याने. रामाजी बांबोळे ओसरीतल्या खाटेवरून उठले, खांबाच्या खुंटीपर्यंत गेले, थैलीला हात लावला आणि तसेच मागे येऊन पुन्हा खाटेवर बसले.

"उद्या मीच आणतो," ते म्हणाले.

"काल बी हेच म्हणलं तुमी."

"धुवाची आहे."

"धुऊ नका जी! काकूच्या हाताचा मळ लागला आहे तिले. तोच तं लोकाले दाखवाचा आहे." अश्वजित शाळेत मास्तर. समोरचा माणूस सत्तरीचा असला तरी त्याला धडा समजावल्यासारखाच बोलायचा. "बरं, माप तरी सांगा. उद्या अकराले कार्यक्रम आहे."

रामाजींनी दोन्ही हात पसरून अंदाजाने माप दाखवलं. तेवढ्यावर समाधान मानून अश्वजित धूळ उडवत निघून गेला. रामाजी पुन्हा उठले, पुन्हा बसले. पंधरा दिवस त्यांचं असंच चाललं होतं. बूड एका जागी टिकत नव्हतं, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, आणि शेजारीपाजारी म्हणत होते, बायको गेल्याचं दुःख आहे, होईल हळूहळू कमी.

बायको गेल्याचं दुःख होतंच. पण रामाजींना जे आतून पोखरत होतं ते वेगळं होतं.

आरमोरीच्या या वॉर्डात कोणाला काही झालं, की माणसं आधी डॉक्टरकडे जात नसत, आधी बांबोळ्यांच्या फाटकाशी येत. इंदुताई सत्तावीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होत्या. चिठ्ठी कोणत्या खिडकीवर काढायची, रक्त कुठे तपासायचं, गडचिरोलीला पाठवलं तर तिथे कोणाला गाठायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. औषधपाणी त्या करत नसत. त्या नुसत्या सोबत जात. पण खेड्यातून आलेल्या माणसाला मोठ्या दवाखान्याच्या दारात जी धडकी भरते, ती इंदुताई सोबत असल्या की भरत नसे. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. आधी ड्युटीची वेळ तरी होती, नंतर तीही राहिली नाही. बाईच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच.

त्यांची तयारी म्हणजे ही थैली. रामाजी तहसील कचेरीत शिपाई होते. त्यांच्या जुन्या खाकी पँटीची इंदुताईंनी हाताने शिवलेली. आत एक टॉवेल, स्टीलचा गिलास, साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा आणि एक जुनं, मऊ झालेलं लुगडं. थैली तेव्हा समोरच्या खोलीतल्या खुंटीला टांगलेली असे आणि दार उघडं असलं की फाटकातून दिसे. त्यावरून वॉर्डाने आपला एक नियमच करून टाकला होता. थैली दिसली तर बाई घरी आहे, हाक मारायची. खुंटी मोकळी दिसली तर बाई कोणासोबत तरी गेली, आल्या पावली परत फिरायचं. उगाच फाटक वाजवून रामाजीभाऊची झोप मोडायची नाही.

या उन्हाळ्यात इंदुताई गेल्या. जिथे आयुष्यभर दुसऱ्यांना नेलं, त्याच दवाखान्यात, आठ दिवसांच्या तापाने. मग वॉर्डाने ठरवलं की बाईचं स्मारक करायचं. पुतळा-बितळा नाही. गडचिरोली रोडच्या वळणावर, जिथे त्या पेशंटला घेऊन उन्हातान्हात जीपची वाट बघत, तिथे सिमेंटचा एक बाक, वर टिनाची शेड, मागे काळ्या दगडाची पाटी आणि पाटीशेजारी काचेच्या डब्यात ही थैली. कल्पना चांगलीच होती. दगडवाल्याने आधी कागदावर 'कैलासवासी' लिहून आणलं, तेव्हा अश्वजित त्याच्यावर खेकसला, "आमची माणसं कैलासाले जात नाईत बाबू, कालकथित लिही!" तिथवर सगळं ठीक होतं. पण कालकथित इंदुताई रामाजी बांबोळे या नावाखाली मास्तर पोराने आणखी एक ओळ घालून दिली: 'आणि त्यांच्या सेवाकार्यात आयुष्यभर साथ देणारे पती रामाजी बांबोळे.'

पंधरा दिवसांपूर्वी अश्वजितने मोठ्या कौतुकाने ती ओळ वाचून दाखवली, आणि तेव्हापासून रामाजींची ही उठबस सुरू झाली.

साथ! लष्कराच्या भाकऱ्या भाजते म्हणून ज्या माणसाने बायकोला तीस वर्षं टोमणे मारले, त्याची साथ! टोमण्यांचं एक वेळ जाऊ द्या. टोमणे कोणता नवरा मारत नाही? पण नऊ वर्षांपूर्वीचं काय?

नऊ वर्षांपूर्वी, धान कापणीच्या दिवसांत, त्यांच्या लेकीला, पिंकीला बघायला वडशाचे पाहुणे येणार होते. त्याआधी एकदा असेच पाहुणे पाटावर बसलेले असताना फाटकातून हाक आली होती आणि इंदुताई वाढायची पळी ठेवून निघून गेल्या होत्या. पाहुण्यांचं तोंड वाकडं झालं, सोयरीक मोडली. या खेपेला रामाजींनी पक्कं ठरवलं होतं. सकाळीच त्यांनी खुंटीवरची थैली काढली आणि मागच्या खोलीतल्या धानाच्या ढोलीत, धानाखाली दाबून ठेवली. एक दिवसाचा तर प्रश्न. एका दिवसात काय आभाळ कोसळतं?

दुपारी पाहुणे आले. पोरगी पसंत पडली. इंदुताई मागच्या अंगणात चुलीवर भजे तळत होत्या आणि रामाजी समोर बसून मोठमोठ्याने हसत होते. हसता हसता त्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या, टोलीवरच्या चैतूची बायको बुधरी धापा टाकत उभी होती. पदर खांद्यावरून पडलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. तिने दारातून आत खुंटीकडे पाहिलं. खुंटी मोकळी. रामाजींची आणि तिची नजरानजर झाली की नाही, ते रामाजींना नऊ वर्षांत ठरवता आलं नाही. ती वळली आणि पळत सुटली.

चैतूला धानाच्या शेतात, बांधीत मण्यार चावली होती. दवाखाना दीड मैलावर. पण चैतूचे भाऊ म्हणाले, मांत्रिकाकडे नेऊ. एकटी बुधरी दवाखाना दवाखाना करत होती, तिचं कोण ऐकणार? तिला माहीत होतं, बाई आली तर भावांना चार शिव्या घालून चैतूला दवाखान्यात नेईल. म्हणून ती पळत आली होती. खुंटी मोकळी पाहून परत गेली, आणि चैतूला बैलगाडीत घालून दोन कोसांवरच्या मांत्रिकाकडे नेलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी बातमी कळताच इंदुताई टोलीवर गेल्या. संध्याकाळी परत आल्या. थैली तोवर खुंटीवर आली होती. "धुवाले काढली होती," असं रामाजींनी न विचारताच सांगितलं होतं. इंदुताईंनी थैलीत हात घालून टॉवेल बाहेर काढला. टॉवेलच्या घडीतून धानाचे चार दाणे खाली पडले. त्यांनी ते वेचले, ढोलीत नेऊन टाकले. मग हातोडी घेतली, भिंतीतली खुंटी उपटली आणि बाहेर ओसरीच्या खांबात ठोकली. फाटकातूनच काय, रस्त्यावरूनही दिसावी अशी.

"आत काऊन नको?" एवढंही विचारायची हिंमत रामाजींना झाली नाही. त्याही काही बोलल्या नाहीत. त्यानंतर नऊ वर्षं संसार झाला, पिंकीला दोन लेकरं झाली, पण त्या विषयावर घरात एक शब्द निघाला नाही. फक्त शेवटच्या तापात, दवाखान्याच्या खाटेवर, इंदुताईंनी विचारलं होतं, "थैली खुंटीवर आहे ना?" आणि रामाजी म्हणाले होते, "आहे, आहे."

आता उद्या त्या वळणावर त्यांचं नाव दगडात उघडं पडणार होतं. आणि पाटीवरचं कापड कोणाच्या हातून काढायचं, तर बुधरीच्या. तेही अश्वजितनेच ठरवलेलं. नवरा गेल्यावर तिचे निराधार योजनेचे कागद, पोरांचे दाखले, सगळं इंदुताईंनी केलं होतं ना, म्हणून.

रामाजींनी पायात चपला घातल्या आणि आधी बाजारात दगडवाल्याकडे गेले. पाटी तयार होऊन भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

"खालची ओळ काढून टाक बाबू."

दगडवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, दगड आहे तो. शाळेतली पाटी नोहे, थुंकी लावून पुसाले. अन् काऊन काढता? लोकं तं भांडते नावासाठी."

रामाजी तिथून निघाले ते घराकडे वळलेच नाहीत. नाल्यावरचा पूल ओलांडून ते टोलीवर आले. बुधरी अंगणातलं खळं शेणाने सारवत होती. कापणी तोंडावर आली होती. तिने मान वर केली.

"या भाऊ. पिंकी आली का?"

"उद्या सकाळी येते." रामाजी उभेच राहिले. तिने हाताने खाट दाखवली तरी बसले नाहीत. "बुधरी, त्या दिवशी थैली खुंटीवर नव्हती."

"कोणत्या दिवशी?" असं तिने विचारलं नाही. तिचा हात सारवतच होता. "माहीत आहे ना मले. मीच तं आली होती पाहाले."

"इंदू घरीच होती."

आता हात थांबला.

"मागच्या आंगणात होती. थैली मी लपवली होती. ढोलीत. पिंकीले पाहाले पाहुणे आले होते म्हणून."

शेणाचा हात तसाच जमिनीवर टेकलेला. कोंबडी सारवलेल्या ओल्या जागेवरून चालत गेली, तिला हाकललंसुद्धा नाही तिने.

"भज्याचा वास आला होता मले," ती शेवटी म्हणाली. "फाटकाशी उभी होती, तं वास आला होता. मी म्हटलं, पिंकी तळत असन."

"बुधरी, मी..."

"नऊ वर्सं झाले भाऊ. मी मनाले काय सांगत आली, माहीत आहे का? बाई दुसऱ्या कोणाच्या जीवासाठी गेली होती. माह्या घरचा गेला, पण कोणाच्या तरी घरचा वाचला असन. तेवढ्यावर मले झोप येत होती." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर रामाजींना बरं वाटलं असतं. "आता तुमी सांगून मोकळे झाले. मी हे कोणाच्या घरी नेऊन टाकू?"

रामाजी खाटेच्या कडेवर टेकले. "मी उद्या माईकवर सांगतो. साऱ्या वॉर्डासमोर. ते लिवलेलं खोटं आहे म्हणून सांगतो."

"काही नका सांगू." बुधरीने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुमी रडसान. लोकं म्हणतीन, केवढा मोठ्या मनाचा माणूस, खरं बोलला. पुन्हा तुमच्याच गळ्यात हार. अन् घरी जाऊन म्हणतीन, बाईच्याच घरात असं झालं. बाईले काऊन लाज आणता?"

रामाजींनी चाचरत विचारलं, "इंदूनं तुले कधी काही सांगतलं?"

"नाई." बुधरीने पुन्हा शेणात हात घातला. "पण दर कापणीले बाई माह्या धुऱ्यावर येऊन बसे. थैली मांडीवर घेऊन. चार दिवस लागो का पाच, शेवटची पेंडी बांधेपर्यंत. मी म्हणो, बाई, उन्हात काऊन बसता? तं म्हणे, घरी करमत नाई."

दर दिवाळीच्या सुमाराला चार-पाच दिवस बाई सकाळी जाते आणि संध्याकाळी येते, ते रामाजींना माहीत होतं. असेल कोणाचं दुखणं, म्हणून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. चार दाण्यांवरून बाईने सगळं ओळखलं होतं तर. ओळखून ती नवऱ्याला एक शब्द बोलली नव्हती, आणि नवऱ्याने केलेलं फेडायला दर वर्षी शेताच्या बांधावर जाऊन बसत होती. रामाजींना रडू आलं. बुधरीने "रडू नका" म्हटलं नाही. ती सारवत सारवत दुसऱ्या कोपऱ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी अकराचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला. मंडप, खुर्च्या, बुंदीच्या पातेल्याभोवती पोरांचा घोळका. त्रिशरण-पंचशील झालं. इंदुताईंच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. पिंकी पहिल्या रांगेत डोळे पुसत बसली होती, तिच्या शेजारी रामाजी, मांडीवर थैली. अश्वजित माईकवर पाऊण तास बोलला. "ज्या घरासाठी काकू येऊ शकल्या नाईत, त्याच घराले काकूनं सगळ्यात जास्त धरून ठेवलं," असं तो म्हणाला, तेव्हा माणसांनी माना डोलावल्या. रामाजींनी थैलीचा बंद मुठीत घट्ट धरला.

बुधरी आली होती. धुतलेलं हिरवं लुगडं नेसून शेवटच्या रांगेत उभी होती. ती येणार नाही, असं रामाजींना रात्रभर वाटत होतं. यावी असंही वाटत होतं. तिने पुढे येऊन पाटीवरचं निळं कापड ओढलं. टाळ्या पडल्या. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती पाटीकडे काही वेळ बघत राहिली. अश्वजितने तिच्या हातात माईक दिला.

"बोल ना बाई, दोन शब्द."

सांग, एकदाचं सांगून टाक, असंही रामाजींच्या मनात येत होतं, आणि पोरीसमोर नको, असंही.

"मले बोलता येत नाई," बुधरी म्हणाली. माईक तिने तोंडापासून लांब धरला होता, तरी आवाज सगळ्यांना गेला. "त्या दिवशी थैली नव्हती खुंटीवर. बाईले कळलं असतं, तं बाई आली असती. एवढंच आहे."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पिंकी हुंदके देऊ लागली. बुधरी माईक परत देऊन खाली आली आणि जाताना रामाजींच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबली.

"सोमवारपासून कापणी आहे माही," ती हळूच म्हणाली. "थैली काचीत नका टाकू."

तेवढं बोलून ती बुंदी न घेताच निघून गेली. इकडे अश्वजितने नाव पुकारलं, "आता काकाजी थैली अर्पण करतीन!" रामाजी उठले. काचेच्या डब्याचं दार उघडं होतं. आत लाल मखमलीचा तुकडा अंथरला होता. पोराने खर्च केला होता आणि जीवही लावला होता, त्यात त्याची काही चूक नव्हती.

"थैली देत नाई मी," रामाजी म्हणाले.

"काऊन जी? डब्बा तयार झाला ना!"

"लागते ते."

"कोणाले लागते आता?"

रामाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, थैली खांद्याला अडकवली आणि मंडपातून बाहेर पडले. मागे कुजबुज झाली. म्हाताऱ्याचा जीव अडकला आहे त्या थैलीत, असं बायका आपसात म्हणाल्या. डब्यात मग इंदुताईंचा फोटो ठेवला गेला. पाटीवरची ओळ मात्र तशीच आहे. बाकावर आता रोज कोणी ना कोणी बसून जीपची वाट बघतं. रामाजी तिथून जातात, पण त्या बाकावर अजून टेकलेले नाहीत.

शनिवारी ते दवाखान्यात जाऊन आले. साप चावल्याचं इंजेक्शन इथे असतं का, पेशंट कुठल्या दाराने आत न्यायचा, रविवारी कोण असतं, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. शिपाई म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला खिडक्यांपुढे उभं राहायची एवढी भीती वाटेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. तीन ठिकाणी ओरडा खाल्ला तेव्हा कुठे नीट माहिती मिळाली. फोनचे नंबर अश्वजितकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आणि कागद थैलीत टाकला. टॉवेल, गिलास, साबण होतंच. बिस्किटाचा पुडा नवा आणला.

सोमवारी उन्हं वर यायच्या आत ते बुधरीच्या बांधीवर पोचले आणि धुऱ्यावर थैली मांडीवर घेऊन बसले. बुधरी, तिची दोन पोरं आणि चार बायका ओळीने धान कापत होत्या. कोणी "काऊन आले भाऊ?" म्हणून विचारलं नाही. बुधरीने नमस्कारही केला नाही. ऊन तापत गेलं. एक ओळ कापून झाली की बुधरी कंबर सरळ करून धुऱ्याकडे बघत होती. रामाजींकडे नाही. थैली जागेवर आहे ना, तेवढं बघत होती, आणि पुन्हा वाकून विळा चालवत होती.